लोखंडही थकतं : इंजिनच्या हद्दीचा इतिहास

गेल्या महिन्यात शाळा सुटल्यावर गेटबाहेर एक माजी विद्यार्थी भेटला. नवी मोटारसायकल घेतली होती, ती दाखवायला आला होता. दोन-चार मुलं भोवती जमली तसा त्याला जोर चढला. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून त्याने अ‍ॅक्सिलरेटर पार शेवटपर्यंत पिळला. इंजिन किंचाळलं, आणि मग त्या किंचाळण्याचे तुकडे पडायला लागले. तड-तड-तड असा आवाज, जणू सायलेन्सरमध्ये फटाके लावलेत. मुलं खूश. मी कानावर हात ठेवून म्हटलं, "अरे बाळा, बंद कर, फुटेल ते."

तो हसला. "मॅडम, काही होत नाही. लिमिटर असतो त्याला. कंपनीनेच हद्द घालून दिलीय. कितीबी पिळा, त्याच्या पुढं जातच नाही."

मी भाषा शिकवते, उर्दू आणि मराठी. बी.एड.ला माझा विज्ञानाशी संबंध आला तो 'अध्यापन पद्धती'च्या एका प्रकरणापुरता. त्यामुळे त्याला वाटलं असणार, मॅडमना यातलं काय कळणार. पण माझं बालपण कराडला डिझेलच्या वासात गेलं. माझे अब्बा डिझेल पंपाचे फिटर होते. पंप म्हणजे पेट्रोलपंप नव्हे. ट्रकच्या इंजिनला ठरावीक मापात डिझेल पुरवणारा, हातभर लांबीचा जो पंप असतो, तो उघडून, साफ करून, माप लावून देण्याचं त्यांचं दुकान होतं. त्या पंपाच्या एका टोकाला एक डबी असते. तिला गव्हर्नर म्हणतात. इंजिनची हद्द त्या डबीत राहते. त्या मुलाला मी तिथे उभ्याने जे सांगू शकले नाही ते इथे लिहिते आहे.

आधी शब्दाबद्दल, कारण तो माझा प्रांत. 'हद्द' आपण मराठीत इतका सहज वापरतो की तो अरबीतून आला हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. सरहद्द, हद्दपार, हद्दवाढ, 'हद्द झाली बाई तुझी'. 'लगाम' फारसीतून आला. इंजिनच्या बाबतीत हे दोन्ही शब्द लागतात आणि दोन्हींचे अर्थ वेगळे आहेत. हद्द म्हणजे कुठपर्यंत जायचं ती रेषा. लगाम म्हणजे त्या रेषेच्या आत ठेवणारं साधन. लगाम आहे म्हणजे हद्द सांभाळली गेलीच, असं नाही. त्या मुलाचा घोटाळा इथेच होता.

दुसरी गोष्ट, गाडीचा वेग आणि इंजिनचा वेग या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. रस्त्यावरच्या वेगाला कायद्याने आवर घालण्याचा इतिहास जुना आहे. इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्याने रस्त्यावर चालणाऱ्या वाफेच्या गाड्यांना गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल एवढीच मुभा होती, आणि पुढे एक माणूस लाल निशाण घेऊन चालायचा. तो वेग ताशी किलोमीटरमध्ये किंवा मैलात मोजतात. इंजिनचा वेग म्हणजे त्याचा आतला दांडा, क्रँकशाफ्ट, मिनिटाला किती फेऱ्या घेतो ते. त्यालाच आरपीएम म्हणतात. गाडी जागच्या जागी उभी असताना इंजिन मरणाच्या वेगाने फिरू शकतं. आमच्या शाळेच्या गेटवर तेच चाललं होतं.

इंजिनच्या या वेगाला लगाम घालायची गरज मोटारीच्या आधी शंभर वर्षं निर्माण झाली. वाफेची इंजिनं सुरुवातीला खाणीतलं पाणी उपसत. तिथे वेग थोडा कमीजास्त झाला तर फारसं बिघडत नसे. पुढे तीच इंजिनं चक्क्या आणि गिरण्या चालवू लागली, तेव्हा अडचण झाली. भार कमी झाला की इंजिन एकदम सुसाट सुटायचं. दगड जोरात फिरले की पीठ बिघडायचं, सूत तुटायचं. पट्टा तुटला तर भार शून्य, आणि मग इंजिनला आवरायचं कोणी? एकोणिसाव्या शतकातल्या कारखान्यांत टनावारी वजनाची फ्लायव्हीलं अशा बेफाम वेगाने फुटून भिंती पाडत बाहेर गेल्याच्या घटना घडल्या आहेत.

यावरचा उपाय पवनचक्क्यांकडून आला. वारा वाढला की जात्याच्या दगडांमधलं अंतर आपोआप जुळवून घेणारी, फिरत्या गोळ्यांची एक युक्ती तिथले कारागीर वापरत होते. लंडनमधल्या अल्बियन मिल या वाफेच्या पिठाच्या गिरणीत मॅथ्यू बोल्टन यांनी अशी युक्ती पाहिली आणि १८८८ नव्हे, १७८८ साली आपले भागीदार जेम्स वॉट यांना कळवली. वॉट यांनी ती इंजिनला जोडली. उभ्या दांड्याला बिजागरीने लटकवलेले दोन जड गोळे. इंजिन जोरात फिरलं की गोळे बाहेर फेकले जातात, ते वर गेले की एक सरकती कडी वर उचलली जाते आणि वाफेची झडप थोडी मिटते. वेग उतरला की गोळे खाली, झडप पुन्हा उघडी. जत्रेतल्या पाळण्याच्या साखळीला बसलेली पोरं जशी वेगाबरोबर बाहेर झुकतात, अगदी तसंच. वॉट यांनी याचं पेटंट घेतलं नाही, कारण कल्पना मुळात त्यांची नव्हती.

यात एक खोट होती. कधी कधी गव्हर्नर उशिरा जागा व्हायचा, मग जास्तच आवळायचा, वेग फार उतरला की पुन्हा जास्त सैल सोडायचा. इंजिन वर-खाली, वर-खाली करत राहायचं. आपल्याकडे विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनचा तो चढता-उतरता डुगडुगाट ज्यांनी ऐकलाय त्यांना हे सांगायला नको. मेकॅनिक त्याला 'हंटिंग' म्हणतात. असं का होतं आणि कधी होत नाही, याचं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये मांडलं. वीज आणि चुंबकत्वाची समीकरणं देणारा एवढा मोठा शास्त्रज्ञ गिरणीतल्या दोन गोळ्यांवर निबंध लिहितो, याचं मला नेहमी अप्रूप वाटत आलंय. आज ज्याला स्वयंचलित नियंत्रणाचं शास्त्र म्हणतात, त्याच्या आरंभीच्या पानांत हा निबंध आहे.

मग आली अंतर्ज्वलनाची इंजिनं. निकोलाउस ओटो यांचं १८७६ चं चार स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला १८० च्या आसपास फेऱ्या घ्यायचं. ते कारखान्यात एका जागी बसायचं, वजनाने भलतंच जड. गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांना रस्त्यावर चालेल असं हलकं इंजिन हवं होतं. लहान इंजिनकडून तेवढीच ताकद काढायची तर एकच वाट, ते जास्त वेगाने फिरवायचं. १८८० च्या दशकाच्या मध्याला त्यांचं इंजिन सहाशेच्या वर गेलं. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकीचं इंजिन चारशेच्या आसपास फिरायचं. त्या काळी आत येणारी झडप नुसत्या ओढीने, पिस्टन खाली गेल्यावर उघडायची, त्यामुळे फार वेग झेपतच नसे. मायबाख यांच्या १९०१ च्या पहिल्या मर्सिडीजमध्ये ही झडप दांड्याने उघडायला लागली आणि ३५ अश्वशक्ती साडेनऊशे आरपीएमला मिळू लागली. १९०८ ची फोर्डची मॉडेल टी २० अश्वशक्ती द्यायची ती सोळाशे आरपीएमला. म्हणजे मोटारीचा इतिहास हा बराचसा हद्द पुढे सरकवण्याचा इतिहास आहे.

या काळातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. आरंभीच्या काही मोटारींमध्ये गव्हर्नर होता. वेग ठरल्यापेक्षा वाढला की तो झडपेचं काम थांबवून इंजिनला खाली आणायचा. पण चालवणाऱ्याला कधी तरी जास्त दम हवा असायचा. मग त्यासाठी एक वेगळं पायटं दिलं गेलं. ते दाबलं की गव्हर्नर बाजूला आणि इंजिन मोकळं. त्या पायट्याचं नाव अ‍ॅक्सिलरेटर. आज आपण ज्याला अ‍ॅक्सिलरेटर म्हणतो त्याचा पूर्वज हद्द पाळण्यासाठी आला नव्हता, लगाम झुगारण्यासाठी आला होता.

आता मूळ प्रश्न. इंजिन जास्त वेगाने फिरवलं तर मोडतं का? पिस्टन गोल फिरत नाही, तो वर-खाली धावतो. एका फेरीत तो दोनदा पूर्ण थांबतो आणि दोनदा उलटा पळतो. भरधाव एसटीने करकचून ब्रेक लावला की आपण पुढच्या बाकावर आपटतो, तसं त्या पिस्टनला प्रत्येक फेरीत वरच्या टोकाला थांबवून खाली खेचावं लागतं. हे खेचायचं काम कनेक्टिंग रॉड आणि त्याचे दोन बोल्ट करतात. आणि हा हिसका वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर हिसका चौपट. वेग वीस टक्के वाढवला तर हिसका चव्वेचाळीस टक्के वाढतो. माणसाचा अंदाज इथेच चुकतो. काटा थोडासाच पुढे गेलेला दिसतो, आत बोल्टवर काय गुदरतंय ते दिसत नाही.

दुसरा कच्चा दुवा म्हणजे झडपा. त्या उघडायला दांडा असतो, मिटायला फक्त स्प्रिंग. वेग फार झाला की स्प्रिंगला झडप मिटवायला वेळच पुरत नाही. ती तरंगत राहते, आणि खालून येणारा पिस्टन तिच्यावर आदळतो. शर्यतीच्या गाड्यांनी यावरही उपाय शोधले. १९५४ च्या मर्सिडीजने झडप मिटवायलाही दांडाच लावला. डुकाटीने मोटारसायकलींत ती रीत पुढे चालवली. रेनोने १९८० च्या दशकात स्प्रिंगच्या जागी दाबाखालची हवा वापरली.

पण मग एकाची हद्द चारशे आणि दुसऱ्याची अठरा हजार, असं का? याचं उत्तर पिस्टन किती अंतर धावतो त्यात आहे. मोठ्या मालवाहू जहाजाच्या वॅर्टसिला कंपनीच्या एका इंजिनमध्ये पिस्टन अडीच मीटर वर-खाली करतो. ते इंजिन मिनिटाला जेमतेम १०२ फेऱ्या घेतं. तरी त्याच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेआठ मीटर भरतो. फॉर्म्युला वनच्या २००६ नंतरच्या इंजिनांमध्ये पिस्टन चार सेंटिमीटरच्या आसपास धावायचा, आणि १९ हजार आरपीएमला त्याचा वेग सेकंदाला २५ मीटर. फेऱ्यांमध्ये जवळजवळ एकशे नव्वद पटींचा फरक, पिस्टनच्या वेगात फक्त तिपटीचा. होंडाने १९६६ मध्ये २५० सीसीच्या मोटारसायकलला सहा चिमुकले सिलिंडर बसवून १८ हजार आरपीएम गाठले, ते याच हिशेबाने. म्हणून 'माझी गाडी इतक्यावर जाते, तुझी का नाही' या भांडणाला अर्थ नसतो. ज्याच्या त्याच्या पिस्टनच्या धावेवर आणि बोल्टवर ती रेषा ठरते.

आता इंजिनपासून थोडं बाजूला, रेल्वेकडे वळावं लागेल. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनचा आस तुटला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली, पन्नासच्या वर माणसं गेली. असे आस नंतरही तुटत राहिले. कोडं हे होतं की त्यांच्यावर फार मोठा भार पडलेला नसे. काल धावला, परवा धावला, आज तुटला. प्रशियातले रेल्वे अभियंता ऑगस्ट व्योलर यांनी १८५० आणि १८६० च्या दशकांत आसांना फिरवून-वाकवून लाखो वेळा ताण देऊन पाहिला. निष्कर्ष असा निघाला की धातू एका हिसक्यात ज्या ताणाला मोडत नाही, त्याहून कितीतरी कमी ताणाला, तोच पुन्हा पुन्हा दिला तर मोडतो. आधी केसाएवढी चीर पडते, ती आतल्या आत वाढत राहते आणि एके दिवशी उरलेला भाग साथ सोडतो. याला धातूचा थकवा म्हणतात. व्योलर यांनी हेही दाखवलं की पोलादाच्या बाबतीत ताण एका मर्यादेच्या खाली ठेवला तर तो जवळजवळ कितीही फेऱ्या सोसतो.

इंजिनची सुरक्षित हद्द ठरते ती या हिशेबावर. 'इथे मोडेल' असा तिचा अर्थ नाही. 'याच्या आत ठेवलंत तर वर्षानुवर्षं मोडणार नाही', असा तिचा अर्थ आहे. २८०० आरपीएमने आठ तास चाललेलं इंजिन एका दिवसात तेरा लाख चव्वेचाळीस हजार फेऱ्या घेतं. हद्द या फेऱ्यांसाठी असते.

अब्बांना व्योलर माहीत नव्हते. ते म्हणायचे, "लोहा बी थकता, बेटा. आदमी जैसा बोलता नै, इतनाच."

डिझेल इंजिनला तर गव्हर्नरशिवाय गत्यंतरच नाही. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीत आउग्सबुर्गला यशस्वी झालं. पेट्रोलच्या इंजिनला हवेची झडप असते, ती मिटली की इंजिनचा श्वास कोंडतो. जुन्या धाटणीच्या डिझेलला हवा कायम मोकळी. त्याला आवरायचं तर डिझेलचं मापच आवरावं लागतं. भार नसताना ते माप जास्त राहिलं तर इंजिन वेग घेतच सुटतं, आणि मग चावी काढूनही थांबत नाही. आमच्याकडे त्याला 'इंजिन पळालं' म्हणतात. अशा वेळी हवेच्या तोंडावर फळी दाबून धरायची, एवढाच उपाय. हात लावायचा नाही.

बॉशने १९२७ मध्ये डिझेल पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं आणि ट्रकवर डिझेल इंजिन खऱ्या अर्थाने रुळलं. पंपाच्या टोकाला गव्हर्नरची डबी, आणि आत वॉट यांचेच गोळे, फक्त आकार बदललेले आणि स्प्रिंगने आवळलेले. आपल्या देशात बॉशशी जोडलेली मायको १९५१ मध्ये बंगळूरला सुरू झाली. १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. पुढची तीस-चाळीस वर्षं आपल्या घाटांतून जी वाहतूक झाली, ती बरीचशी त्या घराण्याच्या ट्रकांवर.

अशा ट्रकचे पंप अब्बांच्या दुकानात यायचे. टेस्ट बेंचवर चढवायचे, काचेच्या नळ्यांत प्रत्येक सिलिंडरचं डिझेल मोजायचं, शेवटी गव्हर्नरचा स्क्रू लावून त्यातून तार ओवायची आणि तारेवर शिशाचं सील दाबायचं. सीलच्या पकडीवर दुकानाची खूण होती. कधी कधी ती पक्कड दाबायला ते मला द्यायचे. माझ्या दोन्ही हातांचा जोर लागायचा.

गिऱ्हाईक यायचं आणि हमखास म्हणायचं, "चाचा, जरा पंप वाढवून द्या की. चढाला दम खातंय." अब्बा नाही म्हणायचे. गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीत जायचं. तिथे स्क्रू फिरवून मिळायचा. असे किती गेले त्याची मोजदाद नाही. अम्मी चिडायची, कारण घर त्यावर चालायचं.

१९९१ च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. माझे मोठे मामू एका मालकाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. कराडहून साखर भरून चिपळूणला निघाले. कुंभार्ली घाट उतरताना ब्रेक तापले, धरेनात. मामूंनी घाईत गाडी तिसऱ्यातून दुसऱ्यात घातली, इंजिनवर गाडी रोखायला. क्षणभर गाडी दबली आणि खालून तोफेसारखा आवाज झाला. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला होता. मामूंनी गाडी डोंगराच्या अंगाला चारीत घातली म्हणून माणसं वाचली. क्लीनरचा पाय मात्र गुडघ्याखाली मोडला तो कधी नीट जुळला नाही. पोरगा एकोणीस वर्षांचा होता.

मालकाने पंप काढून अब्बांकडे आणला. ड्रायव्हर त्यांचा मेहुणा, तरी माप त्यांनीच लावावं असं त्याचं म्हणणं, कारण सगळ्या गावाचा त्यांच्या मापावर भरवसा. मालकाला लिहून हवं होतं की पंप ठीक आहे, चूक ड्रायव्हरची. मामूंना लिहून हवं होतं की पंप बिघडलेला होता. मी तेव्हा शाळेत होते. बेंचच्या शेजारी कंदील धरून उभी होते, कारण लाइट गेली की अब्बा हाताने पंप फिरवून रॅकची चाल बघत. लाइट आल्यावर त्यांनी बेंच चालू केला.

चार स्ट्रोकच्या इंजिनचा पंप इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरतो. जिथे पंधराशेच्या आसपास डिझेल तुटायला हवं होतं, तिथे ते सतराशेला तुटत होतं. म्हणजे भाराशिवाय तीन हजारावर थांबणारं इंजिन चौतीसशेपर्यंत जात होतं. सील अब्बांच्या खुणेचं नव्हतं. कोणीतरी स्क्रू फिरवला होता, आणि मालकाच्या माहितीशिवाय ते झालं नसणार. वेग तेरा टक्क्यांनी जास्त, बोल्टवरचा हिसका जवळजवळ सव्वापट. त्यावर गाडी वर्षभर धावली होती.

पण अब्बा तिथे थांबले नाहीत. त्यांनी मामूंना विचारलं, दुसरा गिअर टाकला तेव्हा पाय कुठे होता? मामू म्हणाले, अर्थातच वर, अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला. मग अब्बांनी जे सांगितलं ते मी आजवर विसरलेले नाही. गव्हर्नर फक्त डिझेल तोडू शकतो, आणि उतारावर त्याने ते तोडलंच होतं. त्या वेळी इंजिन डिझेलवर फिरत नव्हतं. भरलेला ट्रक उतारावरून चाकं फिरवत होता आणि चाकं गिअरमधून इंजिनला फिरवत होती. गिअर खालचा टाकला की त्याच वेगाला इंजिनच्या फेऱ्या कितीतरी वाढतात. तिथे कोणताही गव्हर्नर कामाचा नाही. तो लगाम घोड्याच्या तोंडात होता, आणि घोड्याला मागून गाडाच ढकलत होता. उतार सुरू व्हायच्या आधी, वेग कमी असतानाच खालचा गिअर टाकायचा असतो. घाटातल्या प्रत्येक ड्रायव्हरला हे ठाऊक असतं, मामूंनाही होतं.

त्यांनी कागदावर दोन्ही लिहिलं. पंपाचं सील बदललेलं, हद्द वाढवलेली, त्यामुळे इंजिन आधीच थकलेलं. आणि तुटलं ते उतारावर जास्त वेगात खालचा गिअर पडल्यामुळे. खाली सही केली. मालकाने आपल्या चारही गाड्या त्या दिवसापासून दुसरीकडे नेल्या. मामू आमच्या उंबऱ्यावर तीन वर्षं आले नाहीत. अम्मी दोघांच्या मध्ये. मालकाने क्लीनरला एकदाच काही पैसे दिले. अब्बांनी त्याला दुकानात बसवून नोझल साफ करायला शिकवलं. तो अजून तेच काम करतो, आता स्वतःच्या दुकानात.

त्यानंतर तंत्र बरंच बदललं. पेट्रोलच्या काही गाड्यांत स्पार्क वाटणाऱ्या फिरत्या तुकड्यातच एक लहानसं वजन आणि स्प्रिंग बसवलेलं असायचं. वेग हद्दीपलीकडे गेला की ते बाहेर फेकलं जाऊन स्पार्क मारून टाकायचं. पुढे हे काम संगणकाकडे आलं. फेऱ्या मोजायच्या आणि रेषा ओलांडली की स्पार्क किंवा इंधन तोडायचं. फॉर्म्युला वनमध्ये तर नियमानेच हद्द घातली गेली. २००७ ला १९ हजार, २००९ ला १८ हजार, २०१४ ला १५ हजार. जगातले सर्वांत हुशार इंजिनिअर ज्या खेळात आहेत, तिथेही इंजिनं टिकावीत आणि खर्च आवरावा म्हणून रेषा मागे आणावी लागली. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०१५ पासून तयार होणाऱ्या बहुतेक व्यावसायिक वाहनांना ताशी ८० किलोमीटरचा स्पीड गव्हर्नर सक्तीचा झाला. ती हद्द इंजिनची नाही, रस्त्यावरच्या वेगाची. पण तिच्यामागचा सवाल तोच आहे, आणि ती वायर काढून देणारी गल्लीही बहुधा शेजारीच असते.

तर त्या मुलासाठी उत्तर असं. लिमिटर आहे हे खरं, आणि तो तुझं इंजिन एका झटक्यात फुटू देणार नाही, हेही खरं. पण तो तड-तड आवाज म्हणजे लिमिटर दर क्षणी इंजिनला हद्दीवरून ओढून मागे आणतोय आणि तू पुन्हा ढकलतोयस. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतंय. गाडी उभी आहे, म्हणून इंजिनला थंड करणारी हवा नाही. बोल्ट प्रत्येक फेरीत सर्वांत जास्त ताणला जातोय, आणि तो बोलत नाही. शिवाय उद्या आंबा घाटात तू पाचव्यातून एकदम दुसऱ्यात आलास, तर तुझा लिमिटर फक्त पेट्रोल तोडेल. चाकं त्याचं ऐकणार नाहीत.

मामू तीन वर्षांनी आले ते ईदला. अब्बांशी गळाभेट झाली, त्या कागदाबद्दल कोणीच बोललं नाही. जेवण झाल्यावर मामूंनी एवढंच विचारलं, "भाईजान, नया ट्रक है. पंप देख लेंगे क्या?" अब्बा उठून दुकानाची किल्ली घ्यायला गेले.

अब्बा जाऊन आता नऊ वर्षं झाली. दुकान विकलं. सीलची पक्कड मी ठेवून घेतली, माझ्या टेबलाच्या खणात असते. पुढच्या वेळी तो मुलगा आला की त्याला ती दाबून बघायला देणार आहे.